जुनी सिटी की जुनी इनोव्हा?

भाचा विचारतोय, "मामा, जुनी गाडी घ्यायचीय, कुठली घेऊ?" दोन्ही गाड्या जपानी. होंडा सिटी भारतात 1998 मध्ये आली, तर टोयोटाची इनोव्हा 2005 मध्ये त्यांच्याच क्वालिस गाडीच्या जागी.

किमतीत सिटी बरीच स्वस्त पडते. इनोव्हाचा भाव लवकर उतरतच नाही. लाख-दीड लाख किलोमीटर झालेलीलाही गिऱ्हाईक तयार असतं.

टिकाऊपणाचं मात्र नीट बघ. सिटीच्या दीड लिटर पेट्रोल इंजिनात टायमिंग चेन (इंजिनाचे व्हॉल्व्ह ठरल्या वेळी उघडमीट करवणारी साखळी) आहे, वेळेवर ऑइल बदललं की ती सहसा त्रास देत नाही. जुन्या अडीच लिटर डिझेल इनोव्हात त्याच कामाला रबरी बेल्ट आहे, तो ठरलेल्या किलोमीटरला बदलावाच लागतो. पावती दाखव म्हणावं. नसेल तर तो खर्च भावातून कापून घे. बाकी इनोव्हाची लॅडर फ्रेम, म्हणजे खालची शिडीसारखी पोलादी चौकट, खरंच दणकट. आमच्या मेव्हण्यांची इनोव्हा सात माणसं, डब्यांच्या पिशव्या घेऊन तुळजापूरचा घाट दुसऱ्या गिअरवर शांतपणे चढते, तेही मे महिन्यात, एसी लावून.

चौघंच असाल, रोज विजापूर रोड ते एमआयडीसी जायचं असेल, तर सिटी. पंढरपूर, अक्कलकोटला सगळं घर निघत असेल, तर इनोव्हाच.