शाळेतलं किशोरवयीन सत्र: दीड तासात पदरात काय पडतं?

मराठवाड्यातल्या शाळांत लैंगिक शिक्षण बहुतेकदा एकाच थाटात येतं. आठवी ते दहावीच्या मुली हॉलमध्ये, पाहुण्या डॉक्टर किंवा सिस्टर, दीड तास भाषण, शेवटी पॅडचं पाकीट आणि बॅनरसमोर फोटो. मुलं तोवर ग्राउंडवर. बाहेरच्या संस्थेकडून फुकट मिळतं म्हणून मुख्याध्यापक लगेच हो म्हणतात. या सत्राला पाचपैकी दीड गुण, तेही पाळीच्या माहितीचे.

ती माहिती बरी असते. चक्र 28 दिवसांचंच हवं असं नाही, पहिल्या काही वर्षांत 21 ते 45 दिवसांचं अंतर चालतं. पॅड चार ते सहा तासांनी बदलायचं. पण 'कापड धुऊन उन्हात वाळवा' इथं गाडी अडते. एप्रिलमध्ये टँकरची वाट बघणाऱ्या गावात, अंगणात सगळ्यांसमोर ते कापड वाळत घालणार कोण? वरून पातळ ओढणी टाकली तरी हवा लागते, हे एक वाक्य कुणी सांगत नाही.

खरी खोट मुलांना वगळण्यात आहे. त्यांचे मास्तर मग मोबाइल आणि एसटी स्टँडच्या भिंतीवरच्या 'गुप्तरोग'वाल्या जाहिराती. 'स्वप्नदोष' या शब्दातच दोष बसलेला. झोपेत वीर्य जाणं ही वयात आल्याची खूण आहे, त्यानं अशक्तपणा येत नाही, हे सांगायला दहा मिनिटं पुरतात. ते राहून जातं आणि पोरगं 'धातू जातोय' म्हणत भोंदू वैद्याच्या पुड्यांवर पैसे घालतं. दहावीच्या विज्ञानात प्रजननाचा धडा आहेच, पण तो 'घरी वाचून घ्या' यावर आटोपतो.

दुसरी तऱ्हा सहा ते आठ तासिकांची, आठवड्याला एक. आधी मुलं-मुली वेगळी, शेवटच्या दोन तासिका एकत्र. हिला चार गुण. हिचा जीव प्रश्नपेटीत असतो. खोक्याला फट पाडायची, सगळ्यांना एकसारख्या चिठ्ठ्या आणि पेन्सिली द्यायच्या. प्रश्न नसेल त्यानंही 'प्रश्न नाही' असं लिहून टाकायचंच, नाहीतर लिहिणारा उघडा पडतो. पेटी वर्गशिक्षकांनी उघडली की खेळ संपला. त्यांना प्रत्येकाचं अक्षर पाठ असतं. ती बाहेरच्या प्रशिक्षकानं उघडावी, उत्तरं पुढच्या तासाला द्यावीत. आणि सर मागच्या बाकावर बसले असतील तर वर्ग तोंड उघडत नाही.

या तऱ्हेतही एक चूक हमखास होते. प्रशिक्षक म्हणतात, 'मला सांगा, कुणाला कळणार नाही.' हे वचन देता येत नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार 18 च्या आतल्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हे पहिल्याच तासाला सांगावं, 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर फळ्यावर लिहावा.

'पोरं बिघडतील' ही पालकसभेतली ठरलेली हरकत. युनेस्कोच्या 2018 च्या मार्गदर्शिकेत जगभरातले अभ्यास तपासले आहेत; अशा शिक्षणानं लैंगिक संबंध लवकर सुरू होत नाहीत, असं त्यात निघालं. मात्र त्याच दिवशी आधी-नंतर तेच दहा प्रश्न विचारून '90 टक्के सुधारणा' दाखवणाऱ्या संस्थेवर विसंबू नका. ती फक्त पाठांतराची परीक्षा. तीच प्रश्नपत्रिका तीन महिन्यांनी पुन्हा देणार का, ते आधीच विचारा.

तारीखही महत्त्वाची. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 18 च्या आत लग्न झालेल्या परभणीत 48 टक्के, बीडमध्ये जवळपास 44 टक्के होत्या. लवकर लग्नाच्या या धोक्यामुळे ज्यांना या तासांची सगळ्यात जास्त गरज, त्यातल्या कितीतरी मुली दिवाळीच्या आगेमागे आईबापांसोबत ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. डिसेंबरमध्ये सत्र ठेवलं तर हजेरीपटावर नाव असतं, बाकावर कुणी नसतं. संस्थेकडून जुलै ते सप्टेंबरच्याच तारखा मागा. आईबाप ऊसतोडीला गेल्यावर गावाकडच्या हंगामी वसतिगृहात मागे राहिलेल्या मुला-मुलींसाठी जानेवारीत वेगळा गट घेणार का, हेही त्याच फोनवर विचारून घ्या.