जुना लॉन ट्रॅक्टर दुरुस्तीला घ्यायचाय: क्राफ्ट्समन एलटी1000 की साठच्या दशकातला कब कॅडेट?

अमेरिकेत एकरभर जागेचं घर घेतलं की पहिल्याच उन्हाळ्यात कळतं, ढकलत चालायच्या मशीनने एवढं गवत कापणं आपल्याच्याने होणार नाही. बसून चालवायचा नवा ट्रॅक्टर दोन-अडीच हजार डॉलर मागतो. मग रात्री जेवणं झाल्यावर जुन्या मालाच्या जाहिराती चाळणं सुरू होतं आणि तिथे दोन जातींची यंत्रं हमखास भेटतात. एक, 2000च्या आसपासचा, सीअर्स या अमेरिकी दुकानसाखळीचा क्राफ्ट्समन एलटी1000, सोबत "बॅटरी गेली असावी" अशी टीप. दुसरा, इंटरनॅशनल हार्वेस्टरचा पिवळा-पांढरा कब कॅडेट, कोणाच्या तरी आजोबांच्या गोठ्यात वर्षानुवर्षं पडून असलेला. दोघांची किंमत काही शे डॉलर. दोन्ही घरच्या गॅरेजमध्ये उभे राहू शकतात. पण एकात बहुतेक वेळ सुटे भाग बदलण्यात जातो आणि दुसऱ्यात असलेले भाग दुरुस्त करण्यात. निवड करायची ती हे ओळखून.

आधी बांधणी. क्राफ्ट्समनचं इंजिन उभ्या दांड्याचं. त्याखालच्या पुलीवरून एक पट्टा मागच्या गिअरबॉक्सला आणि दुसरा डेकला, म्हणजे गवत कापणारी पाती असलेल्या पोटाखालच्या पत्र्याच्या पेटीला जातो. सांगाडा वाकवलेल्या पत्र्याचा, बॉनेट प्लास्टिकचं. कब कॅडेट 1961 सालापासून बाजारात आला आणि 1981 साली तो व्यवसाय एमटीडी कंपनीकडे गेला. त्याआधीचे जुने ट्रॅक्टर खऱ्या शेतीच्या ट्रॅक्टरच्या घाटाचे आहेत. उदाहरणार्थ मॉडेल 122. त्यात कोहलरचं 12 अश्वशक्तीचं के301 इंजिन आडवं बसवलेलं, तिथून लोखंडी दांडा थेट मागे तीन गिअरच्या बिडाच्या पेटीत. चाकांपर्यंत ताकद पोचवायला मध्ये पट्टाच नाही. ती मागची पेटी त्याच कंपनीच्या फार्मॉल कब या शेतीच्या ट्रॅक्टरवरून घेतलेली, त्यामुळे लॉनच्या कामाने ती सहसा झिजत नाही.

आता इंजिन. क्राफ्ट्समनमध्ये बहुधा ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं इंटेक हे एक सिलिंडरचं इंजिन असतं. त्याचे दोन आजार ओळखता आले तर तुम्ही घासाघीस करायला मोकळे.

पहिला आजार: किल्ली फिरवली की इंजिन अर्धा फेरा फिरतं आणि धापकन अडतं. विकणारा बॅटरीला दोष देतो, घेणारा नवी बॅटरी आणि वर नवा स्टार्टर घालतो, तरी तेच. खरा दोष बहुतेकदा व्हॉल्व्हच्या फटीत असतो. सुरू होताना दाब हलका व्हावा म्हणून कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) एक छोटी यंत्रणा व्हॉल्व्ह किंचित उचलून धरते. फट वाढली की ते उचलणं व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नाही आणि स्टार्टरला पूर्ण दाबाशी झुंजावं लागतं. उपाय अर्ध्या तासाचा. प्लग काढा, व्हॉल्व्हचं झाकण उघडा, कॉम्प्रेशनच्या फेऱ्यात पिस्टन वर आणून पाव इंच खाली जाऊ द्या. मग फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) आत घेणाऱ्या व्हॉल्व्हची फट 0.003 ते 0.005 इंच आणि धूर सोडणाऱ्याची 0.005 ते 0.007 इंच लावा. एवढ्याने बरं झालं तर खर्च जवळजवळ शून्य. नाही झालं तर कॅमशाफ्टवरची ती यंत्रणाच तुटली आहे. मग इंजिन उतरवून खालचं झाकण उघडायला लागतं. ते काम पूर्ण शनिवार-रविवार खातं.

दुसरा आजार निळ्या धुराचा. लोक "रिंगा गेल्या" म्हणून हात टेकतात. एअर फिल्टर काढून बघा. तो तेलाने भिजलेला असेल तर संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे सिलिंडर आणि त्याच्या झाकणामधल्या पातळ चकतीवर घ्या. सिलिंडर आणि पुशरॉडची (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या काड्यांची) पोकळी यांच्यामधल्या अरुंद पट्टीत ते फाटतं, दाब क्रँककेसमध्ये (इंजिनच्या तेलाच्या पेटीत) शिरतो आणि तेल श्वासनळीवाटे फिल्टरकडे उसळतं. गॅस्केट स्वस्त आहे आणि बदलायला पाना, टॉर्क रेंच आणि धीर एवढंच पुरतं. धूर ओकणारा क्राफ्ट्समन म्हणूनच मला न चालणाऱ्यापेक्षा आवडतो, किंमत पडलेली असते आणि रोग ठाऊक असतो.

कोहलरच्या के इंजिनाची गोष्ट निराळी. बिडाचा ब्लॉक, प्रज्वलनाला जुन्या पद्धतीचे पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) आणि कंडेन्सर. पॉइंटची फट 0.020 इंच लावली, ते स्वच्छ केले की वर्षानुवर्षं मुकं पडलेलं इंजिन पुष्कळदा ठिणगी देतं. सिलिंडर झिजला असेल तर मशीन शॉपमध्ये बोअर करून 0.010 किंवा 0.020 इंच मोठा पिस्टन बसवता येतो, म्हणजे इंजिन फेकावं लागत नाही. मात्र हे काम घरचं नव्हे, आणि कामाला हात लावणारी शॉप दरवर्षी कमी होतायत. दोन गोष्टींना जपा. यात तेलाचा पंप नाही, नुसतं शिंपडून वंगण होतं. पातळी उतरली की कनेक्टिंग रॉड जातो. दुसरं, 10 अश्वशक्ती आणि वरच्या कित्येक के इंजिनांत कंप कमी करायला बॅलन्स गिअर बसवलेले असतात. ते सुटले तर ब्लॉकला भोक पाडतात. इंजिन उघडलंच असेल तर जाणकार ते काढूनच टाकतात.

कार्ब्युरेटरबद्दल फार लिहीत नाही. दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल हिवाळाभर टाकीत राहिलं की दोघांचेही जेट सारखेच तुंबतात.

सुट्या भागांत क्राफ्ट्समन सरळ जिंकतो. सीअर्सने 2018 मध्ये दिवाळखोरी जाहीर केली तरी काळजी नको. सीटखालच्या पट्टीवर 917ने सुरू होणारा मॉडेल क्रमांक असेल तर तो ट्रॅक्टर हस्कवार्ना कंपनीच्या घराण्यातला, आणि त्याचे पट्टे, मँड्रेल (पाती ज्यावर फिरतात ते बेअरिंगचे दांडे), स्टिअरिंगचे गिअर सगळीकडे मिळतात. स्टिअरिंगचा दातेरी पत्रा झिजणं हा याचा ठरलेला आजार, पण तोही बदलायला सोपा. कब कॅडेटचे भाग मिळतात ते छंदी लोकांच्या दुकानांत आणि मोडीत काढलेल्या ट्रॅक्टरांतून. स्टार्टर आणि डायनॅमो एकाच डब्यात असलेला त्याचा स्टार्टर-जनरेटर जळला तर मोटारींच्या जुन्या इलेक्ट्रिशियनचं दार ठोठवावं लागतं. दांड्याच्या जोडातल्या पिना झिजून खडखड करतात, त्या मात्र घरी बदलता येतात.

"आणि जॉन डीअर?" हा प्रश्न येतोच. मोठ्या दुकानांत विकला गेलेला एल100 मालिकेचा हिरवा ट्रॅक्टर क्राफ्ट्समनच्याच पंगतीतला आहे, फक्त रंगाचे पैसे जास्त. 1980च्या दशकातला 318 खरोखर दणकट, पण त्याच्या ओनान इंजिनाचे भाग इतके महाग झालेत की चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

खरी परीक्षा डेकची. ओलं गवत आतून चिकटून राहतं आणि मँड्रेलच्या आजूबाजूचा पत्रा आधी कुजतो. स्क्रूड्रायव्हर तिथे दाबून बघा. पत्रा दबला किंवा मँड्रेल हाताने डुलला तर तिथे स्क्रू धरणार नाहीत. क्राफ्ट्समनच्या डेकचा नवा सांगाडा मिळतो, पण त्याची किंमत जुन्या ट्रॅक्टरच्या किमतीला भिडते. कब कॅडेटचा पत्रा जाड असतो, वेल्डिंगचा ठिगळ धरतो. क्राफ्ट्समनच्या पातळ पत्र्यावर नवशिक्याने वेल्डिंग केलं तर नवीन भोकंच पडतात.

हायड्रोस्टॅटिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) गिअरबॉक्सचा क्राफ्ट्समन असेल तर वीस मिनिटं चालवून गरम झाल्यावर चढावर न्या. थंड असताना सगळेच चढतात.

माझा कल असा. दर शनिवारी गवत कापायचंच आहे, घरी दुसरं मशीन नाही, तर इंजिनचा आजार असलेला पण डेक शाबूत असलेला क्राफ्ट्समन घ्या. त्याला रंगवण्यात वेळ दवडू नका, तडकलेलं बॉनेट तडकलेलंच राहू द्या. बर्फ लोटायला पुढे पातं लावायचंय, भाजीचा वाफा नांगरायचाय आणि एखादा हंगाम थांबायची तयारी आहे, तर कब कॅडेट. तो गंज खरवडून, रंगवून उभा केला तर कष्ट वाया जात नाहीत, विकायला काढला तरी गिऱ्हाईक असतं. वळायला मात्र जड आहे, झाडांच्या बुंध्यांभोवती कंटाळा आणतो.

घरात लहान मुलं असतील तर माझं मत बदलतं. साठच्या दशकातल्या कब कॅडेटच्या सीटखाली सुरक्षा स्विच नाही. माणूस उतरला तरी पाती फिरत राहतात. क्राफ्ट्समनमध्ये सीट, ब्रेक आणि पात्यांच्या क्लचला स्विच आहेत. इंजिन सुरू होत नाही म्हणून आधीच्या मालकाने तिथल्या तारा परस्पर जोडलेल्या दिसल्या, तर बाकी कशालाही हात लावण्याआधी ते स्विच नवे बसवा.