लिव्हअबोर्ड ट्रिप किती रात्रींची घ्यावी? तिन्ही लांबी अनुभवल्यानंतरचं मत

बोटीवरच राहून डायव्हिंग करायचं, तर ट्रिप किती रात्रींची घ्यायची, हा प्रश्न बुकिंगच्या वेळी मला हटकून छळायचा. चार रात्रींच्या, सात रात्रींच्या आणि अकरा रात्रींच्याही ट्रिप करून आता काही महिने झालेत. लॉगबुक, म्हणजे डाईव्हच्या नोंदींची वही, पुन्हा निवांत चाळलं आणि मत बरंच पक्कं झालं. बहुतेकांना सात रात्री पुरतात. फक्त बोट कुठून निघते आणि कुठे जाते, हे बघितल्याशिवाय पैसे भरू नका.

जाहिरातीतल्या रात्री आणि प्रत्यक्ष डायव्हिंगचे दिवस यांचा मेळ कधीच बसत नाही. तांबड्या समुद्रातली नेहमीची सात रात्रींची ट्रिप घ्या. पहिल्या संध्याकाळी बोटीवर चढायचं, फॉर्म भरायचे, केबिन ताब्यात घ्यायची, हवेच्या टाकीला बीसीडी (तरंगणं सांभाळणारं जाकीट) आणि रेग्युलेटर (श्वास घ्यायचं यंत्र) जोडून ठेवायचे, की झोपायची वेळ होते. दुसऱ्या दिवशीची पहिली उडी म्हणजे चेक डाईव्ह, तिच्यात कमरेला बांधायचं शिशाचं वजन कमी-जास्त करण्यापलीकडे फारसं काही होत नाही. शेवटच्या दिवशी सकाळी एक-दोन डाईव्ह झाल्या की बोट बंदराकडे वळते, कारण पाण्याखाली श्वास घेताना अंगात साठलेला जादा नायट्रोजन निघून गेल्याशिवाय विमानात बसता येत नाही. लागोपाठ काही दिवस डाईव्ह केल्या असतील तर उड्डाणाआधी निदान 18 तास थांबा, असं डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही डायव्हिंगच्या सुरक्षिततेवर काम करणारी संस्था सांगते. बोटवाले बहुधा 24 तास धरून चालतात. एवढं सगळं वजा जाता हातात जेमतेम साडेपाच दिवस आणि अठरा-वीस डाईव्ह उरतात.

गंमत अशी की ही वजावट ट्रिप लहान असली तरी तेवढीच होते. अकरा रात्रींत ती जाणवत नाही, चार रात्रींत मात्र चांगलीच बोचते. हात-पाय पाण्याला सरावतात, श्वास संथ होतो, टाकी जास्त वेळ पुरायला लागते, आणि तेवढ्यात सामान बांधायची वेळ येते. तरीही छोटी ट्रिप वाईट, असं मी म्हणणार नाही. थायलंडच्या सिमिलान बेटांना ती झकास जमते. खाओ लाकजवळून बोट रात्री निघते, सकाळी डोळे उघडतात तेव्हा बेटं समोर असतात, आणि चार रात्रींत को बोन, को ताचाई, रिचेल्यू रॉक अशा डायव्हिंगच्या नावाजलेल्या जागा पदरात पडतात. (ऑक्टोबरच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतच जा, एरवी सिमिलानचं राष्ट्रीय उद्यान बंद असतं.) बोट लागते की नाही, अनोळखी माणसाबरोबर एका केबिनमध्ये झोप लागते की नाही, हे कळायलाही चार रात्री भरपूर झाल्या.

काही ठिकाणी निवड आपल्या हातात नसतेच. कोस्टारिकाचं कोकोस बेट किनाऱ्यापासून सुमारे 550 किलोमीटरवर आहे. एका बाजूचा प्रवास दीड दिवसाचा, म्हणून तिथल्या ट्रिप दहा-अकरा रात्रींच्या असतात आणि त्यातले सातेक दिवसच पाण्यात जातात. मेक्सिकोच्या सोकोरो बेटालाही जाता-येता एकेक दिवस-रात्र मोडते. उलट फिलिपीन्सचं तुब्बताहा हे प्रवाळबेट पुएर्तो प्रिन्सेसा बंदराहून एका रात्रीत गाठता येतं, त्यामुळे तिथे मधल्या लांबीची ट्रिपही परवडते. म्हणून रात्रींचा आकडा बाजूला ठेवून बोटवाल्याला सरळ विचारा की पहिली डाईव्ह कधी, शेवटची कधी, आणि मध्ये किती तास बोट नुसती चालणार.

लांब ट्रिपचा खरा कस पाचव्या दिवशी लागतो. रोज चार डाईव्ह, पहाटे सहाला ब्रीफिंग, रात्री पुन्हा पाण्यात. उत्साह टिकतो, पण अंग बोलायला लागतं. दोन डाईव्हमधली पाण्याबाहेरची विश्रांती (सरफेस इंटरव्हल) पुरेशी मिळूनही मन पाण्यात उतरायला कुरकुरतं. मी तेव्हा बिनदिक्कत दुपारची डाईव्ह सोडायचो आणि झोपायचो. पैसे वाया जातात म्हणून थकल्या अंगाने तीस मीटरवर जाण्यात शहाणपण नाही. 32 टक्के नायट्रॉक्स, म्हणजे 32 टक्के ऑक्सिजन असलेली हवा, घेतलं तर नायट्रोजन कमी साठतो, पण ते थकव्यावरचं औषध नव्हे, आणि त्याची साधारण 34 मीटरची मर्यादा पाळावीच लागते. शिवाय कान. सतत ओले राहून त्यांची बाहेरची वाट सुजते आणि मग दोन-तीन दिवस काठावर बसायची पाळी येते. हे आठवड्याच्या ट्रिपमध्ये क्वचित दिसतं, अकरा रात्रींत बोटीवर कुणी ना कुणी कान धरून बसलेलं असतंच.

लांब ट्रिपच्या बाजूने मला एकच भक्कम मुद्दा सापडला, तो म्हणजे चंद्र. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणापासून अष्टमीच्या आसपासच्या भांगापर्यंत, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर सर्वांत कमी असतो तिथपर्यंत, साधारण आठवडा जातो. इंडोनेशियातल्या कोमोडोसारख्या प्रवाहांच्या जागी चार रात्रींची ट्रिप नेमकी उधाणात, म्हणजे प्रवाह जोरात असताना, सापडली, तर काही जागा गाईड गाळतोच. दहा-अकरा रात्रींत दोन्ही वाट्याला येतात, शिवाय वारा एखादा दिवस खाऊन गेला तरी भरून निघतो. छोटीच ट्रिप घ्यायची असेल तर तारखा ठरवण्याआधी पंचांग उघडा!

आणि ज्यांना दोन आठवडे हवेच आहेत, त्यांनी एकाच बोटीवर सात-सात रात्रींच्या दोन ट्रिप पाठोपाठ घ्याव्यात, मार्ग वेगळे असतील तर उत्तमच. मधे पाहुणे बदलतात त्या दिवशी सक्तीची विश्रांती मिळते, कान वाळतात, मोबाइलला रेंज येते आणि जेवणाच्या टेबलावर गप्पांना नवी माणसं मिळतात.