केमोच्या दोन फेऱ्यांच्या मधलं दुखणं कसं टिपायचं? तीन प्रश्नावल्या, चार मार्ग

कॅन्सरच्या डे-केअरमध्ये पेशंटकडूनच त्रासाची नियमित नोंद घ्यायची असं ठरलं की मीटिंगमध्ये पहिला प्रश्न येतो, प्रश्नावली कुठली घ्यायची? त्यावर तासभर चर्चा होते. ती कागदावर भरून घ्यायची, मोबाइलवर की फोन करून, यावर दहा मिनिटं. आणि आलेलं उत्तर कोण वाचणार, किती तासांत वाचणार, यावर बहुधा शून्य. माझ्या मते हा क्रम नेमका उलटा हवा. पण प्रश्नावल्यांत फरक आहेत हे खरं, म्हणून त्याही बघू.

आधी एक साधं गणित. पुष्कळशी केमो २१ दिवसांच्या फेऱ्यांनी दिली जाते. पहिले तीन-चार दिवस उमासे आणि अन्नावरची वासना उडणं. मग साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान रक्तातल्या पांढऱ्या पेशींची संख्या तळाला जाते, तोंड येतं, काही औषधांनी जुलाब लागतात. तिसऱ्या आठवड्यात माणूस सावरतो, आणि सावरल्यावरच पुढच्या डोससाठी ओपीडीत येऊन बसतो. डॉक्टर विचारतात, "काय म्हणताय?" उत्तर येतं, "बरं आहे." त्यात खोटं काही नसतं. त्या दिवशी बरंच असतं. म्हणजे भेटीच्या दिवशी विचारलेला प्रश्न, कितीही शास्त्रशुद्ध असला, तरी चांगल्या आठवड्याचीच नोंद करतो. पुढची सगळी तुलना या एका गोष्टीवर घासून बघावी.

उपयोग होतो का?

होतो, पण किती होतो ते नीट वाचायला हवं. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये ईथन बाश यांच्या गटाने पसरलेल्या कॅन्सरच्या ७६६ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाने १२ लक्षणांची नोंद संगणकावर करायची. त्रास वाढला की नर्सला ईमेल जायचा. नोंद करणाऱ्या गटात ३४ टक्के लोकांचं जीवनमान, म्हणजे रोजचं जगणं किती सुसह्य आहे ते, सुधारलं, नेहमीच्या पद्धतीच्या गटात १८ टक्क्यांचं. २०१७ मध्ये त्याच रुग्णांच्या आयुर्मानाचे आकडे आले: मध्यक (म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) ३१.२ महिने विरुद्ध २६. फ्रान्समध्ये फाब्रिस डनी यांनी फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये दर आठवड्याच्या वेब-नोंदीचा प्रयोग केला, तिथे १९ महिने विरुद्ध १२.

हे आकडे स्लाइडवर लावायला फार छान आहेत, आणि तिथेच घोटाळा होतो. कारण नंतर अमेरिकेतल्याच ५२ केंद्रांवर, ११९१ रुग्णांवर याच धर्तीचा प्रो-टेक्ट नावाचा मोठा अभ्यास झाला. लक्षणं आटोक्यात राहिली, हिंडण्या-फिरण्याची ताकद आणि जीवनमान सुधारलं, तातडीने इमर्जन्सीत धावायची पहिली वेळ लांबली. आयुष्य मात्र वाढलेलं दिसलं नाही. त्यामुळे व्यवस्थापनाला हे विकताना "पेशंट जास्त जगतील" असं सांगू नका. "पेशंट कमी हाल सोसून केमो पूर्ण करतील, रात्री-अपरात्री कमी धावतील" एवढं सांगा. तेवढंच पुरेसं आहे. युरोपियन कॅन्सरतज्ज्ञांच्या एस्मो या संस्थेनेही २०२२ च्या मार्गदर्शिकेत औषधोपचार चालू असताना अशी नोंद घ्यावी अशीच शिफारस केली आहे.

न्यूयॉर्कच्या अभ्यासातली एक बाब सहसा सुटते. ज्यांना संगणकाची सवय नव्हती अशा २२७ जणांनी घरून काही भरलं नाही, दवाखान्यात आल्यावर भरलं, आणि फायदा एकंदरीत त्यांनाच जास्त झाला. "आमच्या पेशंटना हे जमणार नाही" म्हणणाऱ्यांसाठी हे लक्षात ठेवा.

तीन प्रश्नावल्या

ईएसएएस (एडमंटन सिम्प्टम असेसमेंट सिस्टिम) ही कॅनडातल्या एडमंटनची, १९९१ ची. दुखणं, थकवा, झोपाळलेपण, मळमळ, भूक, दम, उदासी, काळजी आणि एकूण कसं वाटतंय, अशा नऊ ओळी. प्रत्येकीला ० ते १० गुण. चार किंवा अधिक आले की लक्ष द्यायचं, सात किंवा अधिक आले की आजच काहीतरी करायचं, असा साधा ठोकताळा. दोन-तीन मिनिटांत काम होतं. तिचा जन्म वेदनाशामक उपचारांच्या कक्षातला, आणि तो दिसतोही: तोंड येणं, जुलाब, हातापायांच्या मुंग्या या केमोच्या नेहमीच्या तक्रारी तिच्यात नाहीत, फक्त शेवटी "आणखी काही" अशी मोकळी ओळ असते. शिवाय तिची आताची आवृत्ती "या घडीला" कसं वाटतंय ते विचारते. म्हणजे २१ व्या दिवशी ओपीडीत भरून घेतली तर वरचं गणित पुरतंच फसलं.

क्यूएलक्यू-सी३० ही जीवनमान मोजणारी प्रश्नावली युरोपची, १९९३ पासूनची, ३० प्रश्नांची. मराठी भाषांतर उपलब्ध आहे. मागच्या आठवड्याबद्दल विचारते, उत्तरं ० ते १०० मध्ये बदलावी लागतात. त्यातही कामकाजाच्या (हिंडणं-फिरणं, रोजची कामं अशा) प्रश्नांच्या गटात जास्त गुण म्हणजे चांगलं आणि लक्षणांच्या गटात जास्त गुण म्हणजे वाईट. ओपीडीच्या गर्दीत हे कुणीही बघत नाही, आणि बघू नये असं माझं मत. पण तिचा अठ्ठाविसावा प्रश्न सोन्यासारखा आहे: आजारामुळे किंवा उपचारांमुळे पैशाची अडचण झाली का? इतर दोन्हींत असा प्रश्न नाही. आपल्याकडे केमो मध्येच सुटते ती पुष्कळदा या प्रश्नाच्या उत्तरामुळे, मळमळीमुळे नव्हे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत औषध मिळतं. पण गाडीभाडं, सोबतच्या माणसाचा बुडालेला रोज आणि बाहेर राहण्याचा खर्च कुठल्याच बिलावर दिसत नाही. तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरसाठी हिची वेगळी पुरवणी आहे, त्यात गिळणं, चव, तोंड उघडणं, कोरड पडणं असं सगळं येतं. तंबाखूने भरलेल्या आपल्या ओपीडींना ती उपयोगी.

तिसरी प्रो-सीटीसीएई, अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेची. ७८ लक्षणं, १२४ प्रश्न. घाबरू नका, ते कपाटासारखं आहे, औषधाला लागतील तेवढे प्रश्न काढून घ्यायचे. मागचे सात दिवस विचारते आणि उत्तरं आकड्यांऐवजी शब्दांत असतात: अजिबात नाही, थोडं, मध्यम, खूप, अतिशय. ज्यांनी आयुष्यात कधी दुखण्याला दहापैकी गुण दिले नाहीत त्यांना हे सोपं जातं. आणि ती केवळ "किती" विचारत नाही, पुष्कळ लक्षणांबाबत "रोजच्या कामात किती अडथळा झाला" हेही विचारते. फरक कुठे पडतो बघा. मुंग्या आणणारं औषध चालू आहे, सिस्टर फोनवर विचारतात:

"मावशी, हातापायाला मुंग्या येतात का?"

"येतात थोड्याथोड्या. चालायचंच."

"त्याने काही काम अडतं का?"

"तसं काही नाही गं. चप्पल तेवढी मागे राहते, चार पावलं गेल्यावर कळतं. आणि ब्लाउजचे हुक आता सूनबाई लावते."

पहिल्या उत्तरावर "थोडं" अशी खूण झाली असती आणि पुढचा डोस तसाच गेला असता. दुसऱ्या उत्तरानंतर डॉक्टरांना डोस कमी करायचा का, औषध थांबवायचं का, याचा विचार करावाच लागतो. कारण या नसा एकदा जास्त बिघडल्या की काही जणांच्या पूर्ण सुधारतच नाहीत.

चार मार्ग

कागद स्वस्त, पण तो भेटीच्याच दिवशी भरला जातो आणि फाइलमध्ये जाऊन झोपतो. घरी नेऊन रोज भरायची वही दिली तर गोष्ट वेगळी, मात्र ती कुणी उघडून बघितली पाहिजे.

ॲपचा मोठा गुण म्हणजे मर्यादा ओलांडली की आपोआप सूचना जाते. इंग्लंडमध्ये लीड्सला झालेल्या ई-रॅपिड नावाच्या अभ्यासात तर नोंद करताच पेशंटला घरी काय करायचं याचा सल्लाही लगेच दिसायचा. सहाव्या आणि बाराव्या आठवड्यात शारीरिक स्थिती सुधारलेली दिसली, अठराव्या आठवड्यात फरक उरला नाही. आपल्याकडची अडचण निराळी. घरात स्मार्टफोन असतो, पण तो मुलाचा असतो आणि मुलगा दुसऱ्या पाळीला असतो. मग रात्री दहाला तो आईच्या वतीने खुणा करतो. नातेवाइकांना बऱ्याचदा पेशंटपेक्षा त्रास जास्त दिसतो, तर कधी पेशंटच "पोरांना घोर नको" म्हणून घरात दुखणं लपवतो. उत्तर कुणी दिलं हे नोंदवायची सोय नसलेलं ॲप घेऊ नये.

यंत्राने केलेला फोन, म्हणजे आवाज ऐकून बटण दाबायचं, साध्या फोनवरही चालतो. प्रो-टेक्टमध्ये वेब किंवा असा फोन, यांतलं काय हवं ते रुग्णाने निवडायचं होतं, आणि अपेक्षित साप्ताहिक नोंदींपैकी ९१.५ टक्के नोंदी झाल्या. पण कर्ज आणि प्लॉट विकणाऱ्यांच्या फोनने हैराण झालेला आपला माणूस अनोळखी नंबर उचलेल याची मला खात्री नाही.

उरला नर्सचा फोन. महाग वाटतो, म्हणून हिशेब मांडा: चालू केमोचे ६० पेशंट, आठवड्याला एक फोन, सहा मिनिटांचा. सहा तास. आठवड्यातून दोन दुपारी एका सिस्टरला बाकी कामातून मोकळं करायचं, एवढाच खर्च. त्यात वर दिलेल्या चपलेसारखं उत्तर मिळतं, जे कुठल्याही बटणावर मिळत नाही. न्यूयॉर्कमध्येसुद्धा सूचनांपैकी ७७ टक्क्यांवर नर्सने काहीतरी ठोस केलं होतं, फोनवर सल्ला, औषध बदल, डोस कमी करणं. संगणकाने फक्त निरोप पोचवला.

व्हॉट्सॲप ग्रुपबद्दल विचाराल तर, नको. रात्री अकराला आलेला तापाचा मेसेज सकाळी नऊला वाचला गेला तर जबाबदारी कुणाची हे आधी लिहून ठेवलेलं नसतं, आणि एकाचं दुखणं साठ जणांना दिसतं.

मी काय निवडेन

जिल्हा रुग्णालयातल्या नव्या डे-केअरसाठी: नर्सचा फोन, आठवड्यातून एकदा, आणि पहिल्या फेरीत आठव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यानचा फोन काहीही झालं तरी चुकवायचा नाही. प्रश्न प्रो-सीटीसीएईमधून औषधानुसार आठ-दहा. लैंगिक प्रश्न त्या यादीत आहेत. ते घ्यायचे असतील तर कोण विचारणार आणि फोन कुणासमोर उचलला जाणार याचा विचार करून घ्या.

बरं होण्याची आशा संपली आहे आणि वेदना कमी करणं हेच काम आहे, तिथे ईएसएएस, दर फोनला आणि दर भेटीला. घरच्यांनी आजाराचं नाव पेशंटला सांगितलेलं नसलं तरी ती वापरता येते, कारण तिच्या नऊ ओळींत ते नाव कुठेच येत नाही.

क्यूएलक्यू-सी३० तीन महिन्यांतून एकदा, विभागाची स्वतःची तपासणी म्हणून. अठ्ठाविसाव्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्याच दिवशी समाजसेवा अधीक्षकांच्या टेबलावर गेलं पाहिजे.

शहरातल्या मोठ्या खासगी हॉस्पिटलात, जिथे पेशंट स्वतःच्या फोनवर सगळं करतो आणि दिवसभर कुणीतरी सूचना बघायला नेमलेलं आहे, तिथे ॲप खुशाल घ्या. विक्रेत्याला डॅशबोर्ड किती देखणा आहे हे विचारू नका. शनिवारी दुपारी तीनला लाल खूण आली तर कुणाचा फोन वाजतो, ते त्याच्यासमोर करून बघा.

आणि मार्ग कुठलाही निवडा, पहिल्या केमोच्या दिवशी पेशंटच्या हातात एक कार्ड द्या. त्यावर मोठ्या अक्षरांत: ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त, किंवा दिवसात नेहमीपेक्षा आणखी चार वेळा जुलाब, तर आमच्या फोनची वाट बघू नका, लगेच या नंबरवर फोन करा. खाली रात्री खरोखर उचलला जाणारा नंबर.