लास व्हेगासचं मॉब म्युझियम: कोर्टरूमसाठी तरी जाच

कॅसिनोत पैसे घालवण्यापेक्षा सासऱ्यांना इथे, माफियांवरच्या या संग्रहालयात नेलं. बाबा हवालदार म्हणून निवृत्त झालेत. एरवी अर्ध्या तासात गुडघे धरतात, इथे तीन तास हूं की चूं नाही. इमारत 1933 ची, जुनं पोस्ट ऑफिस आणि फेडरल कोर्ट. दुसऱ्या मजल्यावरच्या कोर्टरूममध्ये नोव्हेंबर 1950 मध्ये सिनेटर केफॉव्हरच्या समितीने सुनावणी घेतली होती. शहराशहरांतल्या संघटित गुन्हेगारीचा तपास करत ही समिती 14 शहरं फिरली.

बाबा रमले ते अपालाचिनच्या गोष्टीत. न्यूयॉर्क राज्यातलं एवढंसं खेडं. 1957 मध्ये तिथल्या एका बंगल्यावर देशभरचे माफिया जमले आणि पोलीस दिसताच भारी सूट-बुटांत रानात पळाले! साठेक सापडले. हेरलं कोणी? एफबीआयने नव्हे, एडगर क्रॉसवेल नावाच्या राज्य पोलिसातल्या सार्जंटने. मोटेलमधलं खोल्यांचं बुकिंग त्याच्या कानावर आलं होतं, एवढंच.

“बघ सूनबाई, शेवटी बीटवरचाच माणूस!” परत येताना गाडीत हे चारदा ऐकलं.

लहान मुलांना नेऊ नका. 1929 मध्ये शिकागोत टोळीयुद्धात सात जणांना भिंतीशी उभं करून मारलं, त्या हत्याकांडाची खरी भिंत मांडलीय, गोळ्यांच्या खुणांसकट.