वॉट की डोनाल्ड?

ह्यूस्टनच्या भाच्याने विचारलं, "मामा, अमेरिकन फुटबॉलमधला बचाव शिकायचाय. जुने सामने कुणाचे बघू, जे. जे. वॉटचे की ॲरन डोनाल्डचे?"

आकड्यांत दोघे जवळपास सारखेच. सॅक, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला (आक्रमण चालवणाऱ्या, पास फेकणाऱ्या गड्याला) लोळवणं: वॉटचे ११४.५, डोनाल्डचे १११. वर्षातला सर्वोत्तम बचावपटू दोघेही तीन-तीनदा.

फरक पडतो तो अंग किती टिकलं यात. वॉटने १२ हंगामांत १५१ सामने काढले, डोनाल्डने १० हंगामांतच १५४. वॉटची २०१६ मध्ये पाठ गेली, २०१७ मध्ये पाय मोडला. दोन्ही वर्षं मिळून जेमतेम आठ सामने. तरी गडी २०१८ मध्ये १६ सॅक घेऊन परतलाच.

विजेतेपद? डोनाल्डकडे आहे, वॉटकडे नाही. फेब्रुवारी २०२२ चा अंतिम सामना, शेवटचं मिनिट. डोनाल्ड आत घुसतो, समोरच्या संघाचा क्वार्टरबॅक जो बरो याला कमरेला धरून गरकन फिरवतो, चेंडू कसाबसा सुटतो आणि जमिनीवर पडतो. संपला सामना. हा तुकडा मी किती वेळा पाहिलाय, विचारू नका.

बघायला सोपा मात्र वॉट. सहा फूट पाच इंच उंची, हात वर करून पास थोपवणं. २०१४ मध्ये तर आक्रमणात उतरून टचडाउनचे, म्हणजे शेवटच्या रेषेपार चेंडू नेऊन गुण मिळवणारे, तीन पास झेलले. डोनाल्डचं काम मधल्या गर्दीतलं, हातांच्या झटापटीचं. रिप्ले हळू करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

नवख्याने वॉटचा २०१४ चा हंगाम घ्यावा. भाचा स्वतः लाइनवर, म्हणजे पुढच्या फळीत, खेळतो आणि उंचीने बेताचा. त्याला मी डोनाल्डच सांगितला.