थायोफ्लेविन की हळदीचे घराणे? अल्झायमरचे प्लाक दाखवणारा प्रोब निवडताना

मराठवाड्यातल्या एखाद्या महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या पीएच.डी.ला नाव नोंदवून, अल्झायमरच्या रोगात मेंदूत साठणारे अमायलॉइड-बीटा प्रथिनाचे प्लाक (साठे) उजळवून दाखवणारा फ्लुओरेसंट प्रोब, म्हणजे प्रकाश शोषून स्वतः उजळणारा खुणेचा रेणू, बनवायचे ज्यांनी ठरवले आहे, त्यांना सगळ्यात आधी रेणूचा सांगाडा निवडावा लागतो. ‘सर्वांत चांगला सांगाडा कोणता’ असे विचारण्यापेक्षा प्लाक कशात पाहायचे आहेत, परीक्षानळीत, मेंदूच्या कापात की जिवंत उंदरात, आणि त्यासाठी कोणते यंत्र खरोखर हाती येणार आहे, हे आधी ठरवले तर निवड बरीच सोपी होते.

थायोफ्लेविन-टी हा या क्षेत्रातला जुना जाणता रंग असून अमायलॉइडसाठी त्याचा वापर १९५९ पासून होत आला आहे. त्याच्या रेणूचे दोन भाग एका बंधाभोवती गरगर फिरत असतात, त्यामुळे पाण्यात मोकळा असताना शोषलेली ऊर्जा फिरण्यातच खर्च होते आणि प्रकाश जवळजवळ पडत नाही. प्लाक ज्या अमायलॉइड तंतूंचे बनलेले असतात, त्यांच्या बीटा-पत्र्यांमधल्या (प्रथिनाच्या सपाट थरांमधल्या) खाचेत अडकला की फिरणे थांबते आणि ४८२ नॅनोमीटरच्या आसपास निळसर हिरवा उजेड दिसू लागतो. सोबतीला साधा स्पेक्ट्रोफ्लुरोमीटर (उजेडाची तीव्रता मोजणारे यंत्र) असला की पुरे. अडचण त्याच्या धनभाराची आहे, कारण भारित रेणूला रक्त-मेंदू अडथळा (रक्तातून मेंदूत काय जाऊ द्यायचे हे ठरवणारी चाळण) सहजी ओलांडता येत नाही. २००४ मध्ये माणसांवरील पेट स्कॅनचे (किरणोत्सारी खुणेने शरीराच्या आतले चित्र घेणाऱ्या तपासणीचे) निष्कर्ष प्रसिद्ध झालेला पिट्सबर्ग कंपाऊंड-बी याच सांगाड्यावरचा धनभार काढून बनवलेला आहे. भार गेला, मेंदूत शिरकाव झाला, तंतूंवरची पकडही घट्ट झाली. मात्र अशा भाररहित रेणूंचे शोषण ३५० नॅनोमीटरकडे, म्हणजे जांभळ्याच्याही पलीकडे सरकते. पेट स्कॅनमध्ये खूण किरणोत्सारी कार्बनची असल्याने तिथे याने काही बिघडत नाही, पण प्रकाशाने पाहणाऱ्याला हा तोटा भरून काढण्यासाठी रेणूत दुहेरी बंधांची साखळी वाढवावी लागते. या मार्गाने जाणाऱ्यांनी २-अमिनोथायोफिनॉलच्या दुर्गंधीची तयारी ठेवावी. फ्यूमहूड (वायू बाहेर खेचणारे कपाट) नीट चालत नसेल तर सगळा मजला तक्रार घेऊन येतो.

दुसरे घराणे हळदीचे. वसमत-हिंगोलीकडच्या विद्यार्थ्यांना याचे विशेष आकर्षण वाटते आणि ते समजण्यासारखेही आहे, कारण हळदीतले कुरकुमिन अमायलॉइड तंतूंना चिकटते आणि स्वतः प्रकाशही देते. पण नुसते कुरकुमिन प्रोब म्हणून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, हळदीला चुन्याची निवळी लावली की कुंकवाचा रंग चढतो, हे घराघरांत पाहिलेले आहे. आम्लारीच्या बाबतीत हा रेणू इतका हळवा आहे. शरीराच्या तापमानाला, साध्या उदासीन बफरमध्ये (आम्लता स्थिर राखणाऱ्या द्रावणात) तो अर्ध्या तासात बहुतांश विघटित होतो. त्याचे शोषणही ४२५ नॅनोमीटरच्या आसपासच राहते, तर ऊतींमधून प्रकाश बऱ्यापैकी आरपार जाण्यासाठी ६५० ते ९०० नॅनोमीटरचा पट्टा लागतो.

२००९ मध्ये पुढे आलेल्या क्रॅनॅड-२ या रेणूत मधल्या दोन ऑक्सिजनांना बोरॉन डायफ्लुओराइडच्या कड्यात बांधले आणि दोन्ही टोकांना डायमेथिलअमिनो गट बसवले. मोकळा असताना त्याचे उत्सर्जन ८०५ नॅनोमीटरला असते; तंतूंना चिकटल्यावर ते ७१५ ला येते आणि तीव्रता सुमारे ७० पट वाढते. हा रेणू हळदीतून काढत नाहीत. असिटिलअसिटोनपासून सुरुवात करून तो प्रयोगशाळेत घडवतात, म्हणून वसमतच्या मोंढ्यात त्यासाठी फेरी मारण्याचे कारण नाही. शिवाय ७१५ नॅनोमीटरचा उजेड डोळ्याला जेमतेम दिसतो आणि बऱ्याच सूक्ष्मदर्शकांचे कॅमेरे व फिल्टर त्या बाजूला आंधळे असतात. रेणू उत्तम बनला आणि पाहायला यंत्रच नाही, अशी वेळ येते.

काँगो रेड या रंगाच्या घराण्यातला मेथॉक्सी-एक्सओ४ (२००२) या दोहोंच्या मध्ये बसतो. तो मेंदूत पोहोचतो आणि निळा उजळतो, त्यामुळे ऊतींच्या कापांसाठी पेशीकेंद्रके पाहण्याचा नेहमीचा फिल्टर चालतो. जिवंत उंदरात मात्र दोन-फोटॉन सूक्ष्मदर्शक (लांब लहरीच्या लेसरने ऊतीत खोलवर पाहणारा) लागतो.

सांगाडा कोणताही घ्या, पहिली फसवणूक अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन करते. माझ्या पहिल्याच वर्षी एक रंग तंतूंबरोबर झकास उजळला आणि मी आठवडाभर हवेत होतो. मग गाईडनी क्युव्हेटमध्ये (मोजणीच्या छोट्या पारदर्शक कुपीत) नुसते गोवंशीय अल्ब्युमिन घालायला लावले, तर तो तिथेही तितकाच उजळला. चिकट, तेलकट रेणूंना कोणत्याही प्रथिनाचा कोपरा चालतो, आणि कुरकुमिन घराण्यात ही खोड अधिक. प्लाकमधले खरे पेप्टाइड, अमायलॉइड-बीटा ४२, महाग असल्याने सरावासाठी कोंबडीच्या अंड्यातले लायसोझाइम आम्लात गरम ठेवून तंतू करावेत, ते स्वस्तात होतात. प्रबंधातला दावा मात्र खऱ्या पेप्टाइडवरच करावा.

माझा कल असा की, जवळ फ्लुरोमीटर आणि साधा सूक्ष्मदर्शक एवढेच असेल तर साखळी वाढवलेला, भाररहित थायोफ्लेविनचा सांगाडा घ्यावा. बोरॉन-कुरकुमिनकडे वळावे ते उंदरांच्या निकट-अवरक्त प्रतिमा घेणाऱ्या एखाद्या संस्थेशी लेखी सहकार्य ठरल्यावरच. तोंडी ‘बघू या’ वर तीन वर्षे टांगू नयेत. आणि पहिल्या दिवशी तीन क्युव्हेट शेजारी शेजारी लावावेत: नुसता बफर, अल्ब्युमिन, तंतू.